नेम कुणाचा? नेमबाजाचा, बंदुकीचा की छऱ्याचा?

ऑक्टोबर २०२२ मधली गोष्ट. इजिप्तमधील कैरो शहरात नेमबाजीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. १० मीटर एअर रायफल या प्रकारात अखेरच्या लढतीसाठी दोघेच उरले होते. एक इटलीचा दानिलो सोलाझ्झो आणि दुसरा आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील. रुद्रांक्षचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे. म्हणजे तुमच्यापैकी जे दहावीत असतील त्यांच्याहून फार तर तीन वर्षांनी मोठा! ती लढत त्याने १७-१३ अशी जिंकली आणि तो जगज्जेता झाला. या प्रकारात त्याच्यापूर्वी जगज्जेता झालेला भारतीय एकच होता, २००६ सालचा अभिनव बिंद्रा.

या लढतीचा नियम सोपा होता. दोघांनी एकेक छर्रा मारायचा. ज्याचा छर्रा केंद्राच्या अधिक जवळ, त्याला २ गुण आणि दुसऱ्याला शून्य. दोघांची बरोबरी झाली तर प्रत्येकी १ गुण. जो आधी १६ गुणांपर्यंत किंवा त्यापुढे पोचेल तो विजयी. आता तुमच्यासाठी एक कोडे. १७-१३ एवढ्या आकड्यांवरून सांगा पाहू, त्या लढतीत प्रत्येकाने किती छर्रे मारले? आणि निदान एकदा तरी बरोबरी झाली असलीच पाहिजे, हे कशावरून? विचार करून ठेवा. उत्तर लेखाच्या शेवटी दिले आहे.

अशी लढत पाहिली की आपण म्हणतो, "काय नेम आहे पोराचा!" हे खरेच आहे. डोळा, हात, श्वास आणि मन ताब्यात असल्याखेरीज असा नेम साधत नाही. पण त्या नेमात आणखी दोघांचा वाटा असतो. एक म्हणजे हातातली रायफल आणि दुसरा म्हणजे तिच्यातून सुटणारा इवलासा छर्रा. या दोघांचे एकमेकांशी जमले नाही, तर जगातला सर्वांत चांगला नेमबाजही हरेल. हे जमवून कसे आणतात आणि त्यामागे कोणते विज्ञान आहे, ते आज आपण पाहू.

ठिपक्याएवढे लक्ष्य

आधी लक्ष्य किती लहान असते त्याची कल्पना घेऊ. अंतर १० मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरांहून किंचित लांब असते. म्हणजे हे अंतर जवळजवळ तिच्या निम्मे झाले. तेवढ्या अंतरावर जे लक्ष्य असते, त्याच्या अगदी मध्यभागी फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा ठिपका असतो. कागदावर बॉलपेन हलकेच टेकवा, साधारण तेवढा. छऱ्याचा व्यास असतो ४.५ मिलिमीटर. म्हणजे ज्यावर नेम धरायचा तो ठिपका छऱ्याच्या नवव्या हिश्श्याएवढा!

छऱ्याची कड त्या ठिपक्याला नुसती टेकली तरी १० गुण मिळतात. अशा वेळी छऱ्याचे केंद्र ठिपक्याच्या केंद्रापासून किती दूर असेल? छऱ्याची त्रिज्या २.२५ आणि ठिपक्याची त्रिज्या ०.२५, मिळून २.५ मिलिमीटर. आता या अडीच मिलिमीटरांचे सारखे दहा भाग करतात. प्रत्येक भाग पाव मिलिमीटरचा. छर्रा जसजसा केंद्राकडे सरकेल तसे १०.०, १०.१, १०.२ असे गुण वाढत जातात. केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत छर्रा लागला तर १०.९. याहून अधिक गुण नाहीत. हे मोजमाप आता डोळ्यांनी होत नाही, इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये ते करतात.

पाव मिलिमीटर चुकला की दशांश गुण गेला, हे लक्षात ठेवा. रायफलीच्या मागच्या बारीक छिद्रातून पाहून पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकाजवळची नेमाची खूण, लक्ष्याशी जुळवायची असते. या दोन खुणांमधले अंतर ८० सेंटिमीटर धरू. लक्ष्य त्याच्या साडेबारा पट दूर आहे. म्हणजे लक्ष्यावर पाव मिलिमीटर चूक व्हायला पुढची माशी ०.०२ मिलिमीटर हलली तरी पुरे. आपला केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. केसाच्याही तिसऱ्या हिश्श्याएवढ्या चुकीचा हा हिशेब आहे!

डोंबिवलीची लोकल आणि दोन प्रकारच्या चुका

आता थोडा वेळ बंदूक बाजूला ठेवू आणि डोंबिवली स्टेशनवर जाऊ. समजा, तुम्ही रोज सकाळी ठाण्याला जाणारी एक ठरावीक लोकल पकडता. डबा नेमका आपल्यापुढे यावा म्हणून तुम्ही फलाटावर एक जागा धरून उभे राहता. पण गाडी रोज तुमच्यापासून पाच पावले पुढे जाऊन थांबते. तुम्ही काय कराल? दोन-तीन दिवस पाहाल आणि चौथ्या दिवशी आपणच पाच पावले पुढे जाऊन उभे राहाल. झाले काम.

आता दुसरी गाडी घ्या. ती आज पाच पावले पुढे थांबते, उद्या तीन पावले मागे, परवा आठ पावले पुढे. आता कुठे उभे राहणार? कुठेही राहा, धावपळ चुकणार नाही.

मोजमापाच्या शास्त्रात या दोन चुका वेगळ्या मानतात. पहिली चूक एकाच बाजूला, सारखी आणि ठाम असते. आपण तिला 'सरकलेली चूक' म्हणू. दुसरी कधी इकडे, कधी तिकडे असते. तिला 'विखुरलेली चूक' म्हणू. एखाद्या रायफलीचे पाचही छर्रे केंद्रापासून सहा मिलिमीटर डावीकडे पण एकाच छिद्रात गेले, तर नवख्या माणसाला वाटते, वाया गेली रायफल. जाणता प्रशिक्षक मात्र खूश होतो. तो मागच्या खुणेचा स्क्रू हलकेच फिरवतो आणि तोच पुंजका केंद्रावर आणून बसवतो. उलट, ज्या रायफलीचे छर्रे केंद्राभोवती चारी बाजूंना पसरले आहेत, तिला सुधारणारा स्क्रू जगात कुठेही नाही. तिथे विखुरण्याचे कारणच शोधून काढावे लागते.

तेव्हा बंदूक जमवणे म्हणजे तिला केंद्रावर आदळायला शिकवणे नव्हे. आधी तिला दर वेळी सारखे वागायला लावायचे, मग केंद्र गाठायचे. सारा खेळ या सारखेपणाचा आहे.

माणूस बाजूला केला तर?

विखुरण्याला कारण कोण, नेमबाज की बंदूक? हे शोधण्याची रीत अगदी शास्त्रीय आहे. नेमबाजाला बाजूला करायचे! रायफल जड पायावर घट्ट बसवलेल्या व्हाइसमध्ये आवळून धरतात आणि मग एकामागून एक छर्रे सोडतात. आता हात थरथरत नाही, श्वास नाही, हृदयाचे ठोके नाहीत. तरीही सर्व छर्रे एकाच बिंदूतून जात नाहीत. छिद्रांचा एक छोटा पुंजका बनतो. हा पुंजका म्हणजे बंदूक आणि छर्रा यांची मिळून होणारी चूक.

ती येते कोठून? एक कारण वेग. एअर रायफलीतून छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो. हवेचा अडथळा सोडून दिला, तर १० मीटर जायला त्याला ०.०५९ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण स्वस्थ बसत नाही. पडण्याचे सूत्र तुम्हांला माहीत आहे: अर्धे गुणिले ९.८ गुणिले काळाचा वर्ग. करून पाहा, उत्तर येईल सुमारे १७ मिलिमीटर. म्हणजे छर्रा सरळ रेषेत जात नाही, वाटेत पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो! पण याची चिंता नको, कारण ही सरकलेली चूक आहे. खुणेचा स्क्रू तिची भरपाई करतो.

आता समजा, एखादा छर्रा एक टक्क्याने कमी वेगाने सुटला. त्याला वेळ थोडा अधिक लागेल आणि तो सुमारे १७.३ मिलिमीटर पडेल. फरक एक तृतीयांश मिलिमीटरचा. पण दशांश गुण तर पाव मिलिमीटरला जातो! वेगातला एक टक्का फरक हा असा गुण खाऊन जातो.

म्हणून चांगल्या एअर रायफलीत हवेचा दाब सारखा राखण्यावर सारी हुशारी खर्च केलेली असते. तिच्या खालच्या सिलिंडरमध्ये पूर्ण भरल्यावर वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाची हवा असते. छर्रे मारत गेले की हा दाब उतरत जातो. ती हवा थेट छऱ्यामागे सोडली असती, तर पहिला छर्रा जोरात आणि शेवटचा मंद गेला असता. म्हणून मध्ये दाब नियंत्रक बसवतात. तुमच्या घरी गॅसच्या टाकीवर रेग्युलेटर असतो ना, त्याचाच हा भाऊबंद. टाकी भरलेली असो की अर्धी, शेगडीची ज्योत तो सारखीच ठेवतो.

डमरू, सायकलचा पंप आणि चकलीचा घाणा

आता छऱ्याकडे वळू. स्पर्धेतला छर्रा शिशाचा असतो आणि त्याचे वस्तुमान अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असते. आकार डमरूसारखा, दोन्हीकडे रुंद आणि कमरेशी बारीक. पुढचे डोके सपाट, मागचा भाग परकराच्या घेरासारखा पोकळ. हवेचा झोत मागून आला की हा घेर किंचित फुलतो आणि नळीच्या भिंतीला घट्ट बसतो. सायकलच्या पंपातला वॉशर आठवा. तो नीट बसला असेल तर हवा ट्यूबमध्ये जाते. सैल झाला तर तुम्ही घामाघूम होता आणि चाक मात्र तसेच राहते.

नळीच्या आतून पिळाचे आटे पाडलेले असतात. त्यांत रुतून पुढे जाताना छर्रा स्वतःभोवती फिरू लागतो. फिरणारा भोवरा जसा तोल सांभाळून उभा राहतो, तसा फिरणारा छर्राही कोलांट्या न खाता डोके पुढे ठेवून जातो. पण डोके नळीच्या मानाने जरा लहान असले तर छर्रा आत वाकडा बसतो. जरा मोठे असले तर घासत जातो आणि वेग बदलतो. म्हणून छऱ्यांच्या डब्यांवर ४.४९, ४.५० असे डोक्याचे माप छापलेले असते. फरक एक शतांश मिलिमीटरचा! ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत कुणी काका लेथवर काम करत असतील, तर त्यांना विचारा. शतांश मिलिमीटर म्हणजे काय आणि भोकात दांडा 'बसणे' आणि 'नीट बसणे' यांत काय फरक असतो, ते मायक्रोमीटर हातात देऊन सांगतील.

कोणते माप चांगले? याचे एकच एक उत्तर नाही. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी केलेल्या दोन नळ्याही हुबेहूब सारख्या नसतात. एका रायफलीला जे माप मानवते ते दुसरीला मानवेलच असे नाही. शिवाय छऱ्यांचेही घाणे असतात. दिवाळीत आई किंवा आजी चकल्या तळते तेव्हा भाजणी तीच, सोऱ्या तोच. तरी पहिला घाणा आणि चौथा घाणा एकसारखा उतरत नाही, कारण मधल्या काळात तेल तापलेले असते. छऱ्यांचे साचेही वापराने झिजतात. म्हणून नेमबाज वेगवेगळ्या घाण्यांचे थोडे थोडे छर्रे घेऊन, रायफल व्हाइसमध्ये आवळून, प्रत्येकाचा पुंजका मोजतात. ज्याचा पुंजका सर्वांत लहान, त्याच घाण्याचे डबे स्पर्धेसाठी राखून ठेवतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो ५० मीटर रायफलीचा. त्यात हवेऐवजी दारूची छोटी काडतुसे वापरतात. या प्रकारातले खेळाडू तर आपली रायफल घेऊन थेट काडतुसांच्या कारखान्यातल्या चाचणीगृहात जातात आणि तिला मानवणारा घाणा निवडून आणतात. अंतर पाचपट असल्यामुळे तिथे लहानसहान फरकही मोठा होऊन दिसतो.

पाच छऱ्यांची फसवणूक

इथे एक सावधगिरी बाळगावी लागते आणि ती केवळ नेमबाजीपुरती नाही. समजा, तुमच्याकडे दोन डबे आहेत. पहिल्यातले पाच छर्रे मारले, पुंजका लहान आला. दुसऱ्यातले पाच मारले, पुंजका मोठा आला. पहिला डबा चांगला, असे म्हणायचे का?

घाई करू नका. वर्गात एक प्रयोग करा. प्रत्येकाने एक नाणे पाच वेळा उडवायचे. पाचही वेळा एकच बाजू वर येण्याची शक्यता सोळात एक असते. म्हणजे वर्गात ४८ मुले असतील, तर सरासरीने तिघांच्या वाट्याला पाचही छापे किंवा पाचही काटे येतील. त्यांची नाणी काही जादूची नसतात! तसेच पाच छर्रे एकमेकांजवळ पडणे हा नुसता योगायोगही असू शकतो. म्हणून तीच चाचणी पुन्हा पुन्हा करायची, दोन्ही डब्यांतले सारखेच छर्रे मारायचे आणि मगच निकाल द्यायचा. नाहीतर आपण छऱ्याचा गुण शोधायला जातो आणि हाती लागते ती योगायोगाची गंमत. नवे औषध, नवे बियाणे, नवे खत, सगळ्यांच्या परीक्षेला हाच नियम लागू आहे.

चाप किती जड?

बंदूक आणि छर्रा यांची जोडी जमली. आता ती सुटते कशी ते पाहू. बोटाने जो ओढायचा तो चाप. चाप ओढायला जोर लागतो, आणि नेमका तोच जोर बंदुकीलाही हलवू पाहतो. म्हणून चाप जितका हलका तितका नेम सुरक्षित. मग तो अगदी फुंकरीने सुटेल असा का करू नये? कारण बोट नुसते टेकताच छर्रा सुटला तर ते धोक्याचे ठरेल. एअर रायफलीला चापाच्या जोराची किमान मर्यादा नाही, पण पिस्तुलांना आहे. १० मीटर एअर पिस्तुलाचा चाप निदान ५०० ग्रॅमचे वजन पेलणारा हवा आणि २५ मीटर पिस्तुलाचा १००० ग्रॅमचे. याची परीक्षा मोठी मजेदार असते. पिस्तूल उभे धरून चापाला वजन अडकवतात आणि उचलतात. वजन उचलले गेले आणि चाप सुटला नाही, तर पास! कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले ते याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

चाप सुटल्यावरही काम संपत नाही. छऱ्याला नळीतून बाहेर पडायला सेकंदाचे काही सहस्रांश लागतात. तेवढ्यात हात सैल पडला तर सुटलेला छर्राही चुकतो. म्हणून चांगला नेमबाज चाप ओढल्यानंतरही क्षणभर पुतळ्यासारखा स्थिर राहतो.

रिव्हॉल्व्हर: सहा खोल्या, एकच दार

आता या साऱ्या अडचणी एकाच यंत्रात गोळा झालेल्या पाहायच्या असतील, तर रिव्हॉल्व्हरकडे पाहू. परदेशात 'प्रॅक्टिकल शूटिंग' नावाचा एक खेळ खेळतात. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया गावी स्थापन झाली. यात नेमबाज एका जागी उभा राहत नाही. तो एका ठिकाणाहून दुसरीकडे धावतो, पुठ्ठ्याच्या आणि पोलादाच्या लक्ष्यांवर नेम धरतो आणि त्याच्या गुणांना लागलेल्या वेळाने भागतात. या खेळात रिव्हॉल्व्हरचा एक वेगळा गट असतो.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या दंडगोलात बसतात. बहुधा त्याला सहा घरे असतात. चाळीत सहा खोल्या असाव्यात आणि बाहेर जायला दार मात्र एकच असावे, तशी ही रचना. प्रत्येक घर आळीपाळीने फिरून नळीसमोर येते. रायफलीत नळी आणि काडतुसाचे घर यांचे एकदाच जुळवायचे असते, इथे ते सहा वेळा जुळले पाहिजे. एखादे घर केसभर तिरपे थांबले तर गोळी नळीच्या तोंडाशी घासत आत शिरते. शिवाय दंडगोल फिरता राहावा म्हणून त्याच्यात आणि नळीत बारीकशी फट ठेवावीच लागते, आणि तिच्यातून थोडा वायू निसटतो. म्हणून चोखंदळ नेमबाज घरांना क्रमांक देऊन प्रत्येकाचा पुंजका वेगळा मोजतात. पाच घरे एकीकडे आणि सहावे भलतीकडे, असे असेल तर तिथेच लक्षात येते.

चापाची गोष्ट तर आणखी अवघड. इथे एकाच ओढीत बोटाला तीन कामे करावी लागतात. दंडगोल फिरवायचा, घोडा मागे न्यायचा आणि सोडायचा. घोडा म्हणजे मागून येऊन काडतुसाच्या टोपीवर टोला देणारा भाग. बोलताना आपण चापालाच घोडा म्हणतो, पण ते दोघे वेगळे. या ओढीला चार-पाच किलोग्रॅमचाही जोर लागतो, आणि रिव्हॉल्व्हर स्वतः असते एक-सव्वा किलोचे! तराजूच्या एका पारड्यात पाच किलोचा आणि दुसऱ्यात एक किलोचा दगड घालून काटा स्थिर ठेवायला सांगण्यासारखे हे झाले. कुशल कारागीर आतले घासणारे भाग गुळगुळीत करून आणि स्प्रिंग बदलून ही ओढ हलकी करतात. पण स्प्रिंग फार हलकी केली की घोड्याचा टोला मंद बसतो आणि एखाद्या काडतुसाची टोपी पेटतच नाही. मग हलक्या टोल्यानेही पेटणारी काडतुसे हवीत. पाहा, पुन्हा तेच. बंदूक बदलली की काडतूस बदलले पाहिजे.

मग काडतूस अगदी हलके केले तर काम सोपे होणार नाही का? बंदूक धक्का कमी देईल आणि पुढचा नेम लवकर धरता येईल. ही पळवाट बंद करण्यासाठी या खेळात भौतिकशास्त्राचाच आधार घेतला आहे. गोळीचे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार ठरावीक आकड्याहून कमी असता कामा नये. हा गुणाकार म्हणजे तुमच्या पुस्तकातला संवेग. सर्वांत खालची मर्यादा त्यांच्या एककात १२५ च्या आसपास आहे. आपल्या एककांत ती सुमारे २.५ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद होते. म्हणजे १० ग्रॅमची गोळी सेकंदाला २५० मीटर वेगाने, किंवा १२.५ ग्रॅमची गोळी २०० मीटर वेगाने. स्पर्धेच्या वेळी नेमबाजाची काही काडतुसे काढून घेऊन त्यांचा वेग प्रत्यक्ष मोजतात.

न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की गोळीला जेवढा संवेग पुढे, तेवढाच बंदुकीला मागे. रिव्हॉल्व्हर सव्वा किलोचे धरले, तर ते सेकंदाला २ मीटर वेगाने मागे येऊ पाहते. वायूचा धक्का वेगळाच. आता एअर रायफलीचे गणित करा. अर्धा ग्रॅम गुणिले १७० मीटर भागिले ५ किलोग्रॅम. उत्तर येते सेकंदाला पावणेदोन सेंटिमीटर. कुठे २ मीटर आणि कुठे पावणेदोन सेंटिमीटर!

आणखी एक गंमत. जड आणि संथ गोळी नळीत थोडा अधिक वेळ राहते. तेवढ्यात धक्क्याने नळीचे तोंड अधिक वर उचलले जाते. म्हणून जवळच्या अंतरावर जड गोळी हलक्या गोळीपेक्षा बहुधा वर लागते. काडतूस बदलले की नेमाची खूणही पुन्हा जुळवावी लागते, ती याचसाठी.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. बंदूक हे खेळणे नव्हे. ती फक्त मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळायची. काडतुसांशी आणि चापाच्या आतल्या भागांशी खेळ करणे जिवावर बेतते. आपल्याला विज्ञान समजून घ्यायचे आहे, आणि त्यासाठी एक गोटी पुरेशी आहे.

घरच्या घरी करून पाहा

साहित्य: गोट्या, जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची घडी करून केलेली पन्हळ, पट्टी, ताट आणि थोडी रांगोळी.

टेबलाच्या कडेशी पन्हळ अशी तिरपी बसवा की तिच्यावरून घरंगळलेली गोटी जमिनीवर जाऊन पडेल. ती जिथे पडते तिथे रांगोळी पसरलेले ताट ठेवा. आता पन्हळीच्या एका खुणेपासून गोटी बोटांनी सोडा. असे दहा वेळा करा आणि प्रत्येक खड्ड्याचे टेबलापासूनचे अंतर मोजून लिहा. सर्वांत लांबचा आणि सर्वांत जवळचा यांतला फरक म्हणजे तुमचा पुंजका.

दुसऱ्या खेपेस गोटी पट्टीने अडवा आणि पट्टी सरळ वर उचलून ती सोडा. पुन्हा दहा वेळा मोजा. पुंजका लहान झाला का? पट्टी म्हणजे तुमचा सुधारलेला चाप!

तिसऱ्या खेपेस दुसऱ्या आकाराची गोटी घ्या. सरासरी अंतर बदलते का, ते पाहा. मग वेगवेगळ्या आकारांच्या गोट्या मिसळून सोडा आणि पुंजक्याचे काय होते ते लिहून ठेवा. शेवटी पन्हळ थोडी फिरवून पाहा. सगळे खड्डे मिळून सरकतील, पण विखुरणे तसेच राहील. खुणेचा स्क्रू काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, ते तुम्हांला वेगळे सांगावे लागणार नाही.

पुन्हा ठाण्याकडे

सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ येथे आशियाई स्पर्धा सुरू झाल्या. तिथे भारताला पहिले सुवर्णपदक मिळाले ते १० मीटर एअर रायफलीच्या सांघिक स्पर्धेत. रुद्रांक्ष पाटील, दिव्यांश सिंग पंवार आणि ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर या तिघांनी मिळून १८९३.७ गुण केले. तो त्या वेळी नवा जागतिक विक्रम ठरला. प्रत्येकाने ६० छर्रे मारले, म्हणजे एकूण १८०. भागाकार करा. सरासरी येते १०.५२. आणि १०.५ गुण म्हणजे केंद्रापासून सव्वा मिलिमीटरच्या आत, हे आता तुम्ही स्वतःच काढू शकता.

एकशे ऐंशी छर्रे आणि ही सरासरी! त्यात तिघांच्या कित्येक वर्षांच्या सरावाचा वाटा आहेच. पण ज्याने नळीत शतांश मिलिमीटरचे आटे पाडले, ज्याने दाब नियंत्रक जुळवला आणि ज्याने छऱ्यांचे घाणे चाचणी करून निवडले, त्या साऱ्यांचाही आहे. एकदा मध्यावर लागणे हा योगायोग असू शकतो. साठ वेळा लागायचे तर मात्र बंदूक, छर्रा आणि माणूस या तिघांनी दर वेळी सारखेच वागले पाहिजे.

कोड्याचे उत्तर: प्रत्येक फेरीत दोघांना मिळून २ गुण मिळतात. १७ आणि १३ मिळून ३०, म्हणून फेऱ्या १५ आणि प्रत्येकाचे छर्रेही १५. एकदाही बरोबरी झाली नसती, तर प्रत्येकाचे गुण २ च्या पटीत, म्हणजे सम आले असते. १७ आणि १३ विषम आहेत. तेव्हा निदान एकदा तरी दोघांचे छर्रे दशांशापर्यंत सारखेच लागले असले पाहिजेत!